भूवेष्टित

चिठ्ठी उघडली तर बोलिव्हिया.
पेरेरा सर म्हणाले, दोन आठवडे आहेत,
नकाशापासून सुरुवात कर.
झैनब लकडावालाच्या चिठ्ठीत चिली निघाला
आणि अख्खा वर्ग हसला.
मला अजून कळलं नव्हतं का ते.

घरी मी नुसतं बी.ए. सांगते.
पुढचं, आंतरराष्ट्रीय संबंध वगैरे, सांगितलं
की आत्या विचारते, म्हणजे एअरपोर्टवर का गं?
दिवाळीला विचारलं, गणपतीत विचारलं,
आता मी हो म्हणते.

तर, बोलिव्हिया.
एके काळी त्यांना किनारा होता.
अठराशे एकोणऐंशीत युद्ध झालं, चिलीने तो घेतला.
तरी त्यांचं नौदल आहे.
ॲडमिरल आहेत, पांढरे गणवेश आहेत,
डोंगरात, ढगांच्या शेजारी, एका तळ्यावर
ते कवायत करतात,
आणि दर मार्चमध्ये समुद्राचा दिवस पाळतात.
पुण्यतिथी पाळावी तसा नाही,
रागावून गेलेल्या माणसाचं
ताट वाढून ठेवावं तसा.

इथे मी पेन खाली ठेवलं.

आमच्या दारापासून समुद्र चारशे पावलांवर.
मी तो पाहिलेला नाही.
मध्ये गोदीची भिंत, भिंतीवर फुटक्या बाटल्या,
पलीकडे शेड, शेडमागे क्रेनची मान.
समुद्र बघायचा तर आम्ही बस धरून
शहराच्या दुसऱ्या अंगाला जातो,
पाहुण्यांसारखे कठड्यावर बसतो,
नऊच्या आत परत.
इकडचा नुसता ऐकू येतो.
मध्यरात्री एखादं जहाज भोंगा देतं
आणि आई झोपेतच कूस बदलते.

बाबांकडे पास होता.
तेहेतीस वर्षं टॅली क्लार्क,
उतरेल ती पेटी मोजायची:
चार उभ्या रेघा, एक आडवी.
रिटायर झाले त्या दिवशी
पास काउंटरवर ठेवला, सही केली,
आणि तेव्हापासून तेही आमच्यातलेच,
भिंतीच्या अलीकडचे.

रात्री मसुदा वाचून दाखवला.
"स्मरण ठेवून," "तीव्र चिंता व्यक्त करून,"
"संबंधित राष्ट्रांना आवाहन करते की."
हेगच्या न्यायालयाचा निकालही सांगितला:
बोलणी करायचं बंधन चिलीवर नाही.
बाबा सुपारी कातरत होते.
मला वाटलं विचारतील, याला मार्क किती.

त्यांनी विचारलं, माल कुठून काढतात?
अरिकातून. बंदर चिलीचं.
एकोणीसशे चारचा करार आहे, जाऊ देतात.
ते थांबले. अडकित्ता उघडाच.
मग टॅली कोण करतं?
यांचा माणूस की त्यांचा?

मी टीपा पाहिल्या, परिशिष्टं पाहिली.
सकाळी पेरेरा सरांना विचारलं.
त्यांनी चष्मा काढला, डायरीत लिहून घेतलं,
म्हणाले, कोणी विचारलं हे?

परिषदेच्या दिवशी आईची मोतिया साडी नेसले.
माईक माझ्या आधीच्या स्वित्झर्लंडने उंच केलेला,
टाचा वर करून बोलले.
भिंत हा शब्द कुठेच लिहिला नव्हता,
तरी दोनदा तोंडातून गेला.
झैनब उभी राहिली. नियमावर बोट ठेवून
छान बोलली, चिली बोलेल तसं,
आणि मधल्या सुट्टीत तिने
आपल्या डब्यातला मलिदा माझ्या हातावर ठेवला.

ठराव पडला. नऊ विरुद्ध चौदा, तीन तटस्थ.

घरी सांगितलं तेव्हा बाबांनी
मसुद्याच्या मागच्या कोऱ्या बाजूला
पेन्सिलीने मोजायला घेतलं:
चार उभ्या, एक आडवी,
मग पुन्हा चार उभ्या.
शेवटची आडवी मारायची राहिली होती.
पेन्सिल तशीच हातात धरून
त्यांनी विचारलं,
दहावा कोण होता गं?