मुख्य व्यवसाय: एकच निवडा

खानापूरच्या पुढं, मलप्रभेच्या अलीकडं
शेवटची वीस घरं माझ्या वाट्याला.
टॅबवर भाषा दोनच, कन्नड आणि इंग्रजी.
प्रश्न मी मनात मराठी करून विचारतो,
उत्तर उलट्या वाटेनं परत नेतो.
तेवढ्या वाहतुकीला रकाना नाही.

यल्लुबाई कुंभार. वय ती म्हणेल ते.
काय करूलालीस, विचारायची गरज नव्हती,
हात कोपरापर्यंत चिखलात.

तळ्याची माती ती पहाटे खणून आणते:
खाण व उत्खनन, प्राथमिक क्षेत्र.
तुडवते, चाळते, चाकावर चढवते
(चाक आता तीच फिरवते):
वस्तुनिर्माण, द्वितीयक.
बाजारादिवशी पोत्यावर मांडून बसते:
किरकोळ व्यापार, तृतीयक.
आणि जाता-येता टेम्पोत शेजारणीचं पोर मांडीवर,
ते कशातच नाही.

"जास्त वेळ कशात जातोय, मावशी?"
ती हात थांबवून खरोखरच हिशेब करते.
"वाट बघण्यात.
माती भिजायची, मग वाळायची. भट्टी निवायची.
गिऱ्हाईक तर बघतंय, वाजवतंय, ठेवून जातंय.
खरं ते लिवू नकोस बाबा,
त्याचे पैसे कोण देतंय?"

यादी खाली सरकवतो.
विमा आहे. स्थावर मालमत्ता आहे.
कला, मनोरंजन व करमणूकसुद्धा आहे.
अगदी तळाशी 'इतरत्र वर्गीकृत न केलेले'
नावाचं एक घर सापडतं,
दार सताड उघडं, आत कोण कोण बसलेलं.
बोट तिथं नेलं की लाल अक्षरं:
अधिक तपशील आवश्यक.

मग टेकवलं बोट वस्तुनिर्माणावर,
कारण ऊन चढलेलं, अजून अकरा घरं,
आणि मला पैसे घरामागं.

तोवर ती भट्टीतली मडकी बाहेर काढते,
एकेक कानाशी धरून पेरानं वाजवते.
टण्. उजवीकडं.
टण्. उजवीकडं.
एक बद्द वाजतं. ते डावीकडं,
कोंबड्यांच्या पाण्याला.
तिच्याकडं विभाग दोनच.

"झालं काय रे तुझं?"
झालं, म्हणालो.
माहिती पोचल्याचं कन्नडात उमटलं.

फाट्यावर बसचा पत्ता नव्हता.
वाट बघता बघता
टॅबची काच मी
पेरानं एकदा वाजवून बघितली.