साडेतीनशेच्या आत

दिगूनं बोटीवरून आणलेली सुरी मिटायची.
तीन पाती, एक कात्री, बूच काढायचा पीळ,
दात कोरायची काडीसुद्धा.
कौतुकानं ती कमरेला लावून
आचऱ्याच्या खाडीत मी चार ओहोट्या उतरले.
पाचव्या ओहोटीला ती उघडेना.
सांध्यात रेती, रेतीत मीठ,
मिठात माझं तुटलेलं नख.
कालवं खडकाला तोंड मिटून,
सुरी मुठीत तोंड मिटून,
आणि पाणी चढायला लागलेलं.

तेव्हाच ठरवलं, मिटणारं काही नको.
मुठीच्या बुडापासून टोकापर्यंत
एकच अखंड लोखंड.
आणि साडेतीनशेच्या आत,
कारण गाठीला साडेतीनशेच होते
आणि त्यातले पन्नास मिरच्यांचे.

बाजारात पहिल्याच दुकानात
पिशवीतली चकचकीत पाती, लाल मुठी.
"गंजणार नाही बाई, गॅरंटी."
मी कडेवरून अंगठा फिरवला.
अंगठा जसा गेला तसा परत आला.

दुसरीकडे जरा बरी वाटली.
मूठ पिळून बघितली तर आतून कुरकुरली.
इंचभर देठ, बाकी सगळी लाख.
खडकात खोचून जोर लावला असता
तर पातं तिथंच राहिलं असतं,
मूठ घेऊन मी घरी.

सुक्या बांगड्यांच्या रांगेपलीकडे
गोणपाटावर पुनाजी मेस्त्री.
काळ्या कोयत्या, ट्रकच्या पाट्याचं लोखंड,
खैराच्या मुठी, तीन तीन पितळी खिळे.
एक उचलून आभाळासमोर धरली,
पाठ सरळ.
टिचकी मारली,
आवाज मनगटापर्यंत आला.
शेजारणीच्या बालदीत हात बुडवून
ओल्या मुठीनं आवळली.
निसटली नाही.
(शेजारीण ओरडली, ते सोडा.)

"केवढ्याक?"
तो भावाचं बोललाच नाही.
"कित्याक होयी?"
सकाळपासून सगळ्यांनी
किती देणार ते विचारलं होतं,
कशाला हवी हे कुणीच नाही.
"कालवांक."
त्यानं माझा उजवा हात बघितला,
पालथा, मग उताणा.
बोटांवरचे जुने पांढरे चरे.
मग काही न सांगता
एक पितळी खिळा माझ्या अंगावर फेकला.
मी झेलला.
डाव्या हातात.

"मगे सांगूक नको?"

कोयतीला धार एकाच अंगानं असते,
हे तीस वर्षं कालवं फोडून मला माहीत नव्हतं.
उजव्या हातातली खडकाला लागून चालते,
डाव्यातली खडकापासून पळते.
चारचौघींत मी उजव्यातच धरायची.
ताटावर डावा हात गेला की
आई पळीच्या दांड्यानं मारायची, ती सवय.
एकटी असले की डाव्यात घ्यायची,
मग ती घसरायची,
आणि मी माझ्याच हाताला शिव्या घालायची.

मेस्त्रीनं एक बिनधारेचं पातं काढलं.
पोरगा चाक फिरवू लागला.
ठिणग्या माझ्या बाजूला उडाल्या,
नेहमी त्या दुसरीकडे उडत असाव्यात.
"तीनशे तीस."
मी तीनशे म्हटलं.
तो म्हणाला, उलट्या कामाचे वीस सोडले,
सुलट्याचे सोडूचंय नाय.
मिरच्या वीसच्याच घेतल्या.

गंजते. गंजणारच.
खाडीवरून आलं की गोडं पाणी,
कोरडं फडकं, वर खोबरेलाचं बोट.
आठवड्यातून एकदा विहिरीच्या काठाला पाजवायची.
तेवढं ती मागते, तेवढं मी देते.

परवा कार्मिण मागायला आली,
फणस फोडायचा होता.
घटकाभरात परत.
"तुझी कोयती उलटी कापता गो!"
होय, म्हटलं,
आणि चीक पुसून
दारामागं अडकवली,
डाव्या अंगाला.