शह

बावीस वर्षं मी यार्डात हळद चेक करतो.
पोत्यात कोपरापर्यंत हात घालून,
कांडी दातानं मोडून, भुकटी अंगठ्यावर चोळून.
रात्री साबण लावला तरी नखांत पिवळं राहतं
आणि जिभेवर तो शब्द.

पार्टीचा चेक आला का?
आला, पण चेक करा.
नाक्यावर चेकिंग आहे, पावती जवळ ठेवा.
मिरजेला चेकअप, उपाशीपोटी या.
बायको म्हणते, चेक्सचा शर्ट नको, पोट दिसतं.
एवढ्याशा शब्दाचं पेव फुटलेलं.
मला वाटायचं, साहेबाचा असेल,
रेल्वेबरोबर मिरजेला उतरला असेल.

दस्तगीर अत्तार हसला.
साडेसातला शटर अर्धं ओढून
आम्ही तेलाच्या डब्यावर पट मांडतो.
एक उंट हरवलाय,
त्याच्या जागी अत्तराच्या बाटलीचं बूच.

म्हणाला, साहेबाचा कसला?
इराणात राजाला शाह म्हणायचे.
राजावर आलं की ओरडायचं, शाह!
म्हणजे, राजे, सांभाळा.
आपण ऐकलं, शह.
दुसरीकडं तो अरबांबरोबर मावळतीला गेला,
फ्रेंचांच्या घशात खरवडला,
इंग्रजांकडं पोचेस्तोवर चेक झाला.
राजा अडला, म्हणून अडवणं चेक.
अडवून बघणं, तेही चेक.
फसवणूक नको म्हणून ठेवलेलं अर्धुक,
त्यावरून बँकेतला कागद.
आणि पटासारख्या चौकटींचा
तुझा तो शर्ट.

म्हणजे शह आणि चेक सख्खे भाऊ?
"असतील. चाल तुझी आहे."

हरिपूरच्या रस्त्यानं सायकल ढकलत घरी आलो.
इथं जमिनीत पेवं होती,
तोंड लिंपलं की हळद वर्षानुवर्षं तशीच.
पण उघडल्यावर लगेच उतरायचं नाही,
कोंडलेला वारा माणूस मारतो.
आधी कंदील सोडायचा.
विझला, तर थांबायचं.

निपाणीच्या पार्टीचा चेक
तिसऱ्यांदा परत आलाय.
माणूस चांगला आहे, असं मीच म्हटलं होतं.
मालक काही बोलले नाहीत,
फक्त चष्मा काढून पुसत राहिले.

आज दस्तगीरला ताप.
समोर त्याची नात नाझमीन, सहावीतली,
दप्तर अजून पाठीवरच.
घोडा उचलला, ठेवला,
खिडकीबाहेर बघत बसली.
मी आपलं प्यादं पुढं सरकवलं.
"काका, असं चालत नाही.
शह आहे."
अगं, मग सांगायचं नाही का?
"आता स्पर्धेत तोंडानं सांगत नाहीत," ती म्हणाली,
"ज्याचं त्यानं बघायचं."

प्यादं मागं घेतलं.
राजाला जागा शोधत
बराच वेळ बसलो,
बूच बोटांत फिरवत.
त्याला अजून वास होता.