भूल

मराठीत मी भूल देते.
हिंदीत भूल होते, मग माफी मागावी लागते.
या शहरात दोन्ही भाषा एकाच बाकावर बसतात.
पहिल्या वर्षी एका म्हाताऱ्याला मी
रामबागेतल्या घरच्या सवयीनं सांगून बसले,
"बाबा, अब भूल देंगे हं,"
तर ते ताडकन उठले स्ट्रेचरवर:
"भूल? पहले से बता रही हो?"

तेव्हापासून "सुलाएंगे" म्हणते.
तेही खरं नाही. झोपलेला माणूस कूस बदलतो,
हाक मारली तर हुंकार देतो.
माझ्या माणसाचा श्वाससुद्धा
मलाच घ्यावा लागतो.

दुपारी रुखसार, वय एकोणीस, अपेंडिक्स.
लग्नाला चार दिवस झालेले.
दहाही नखं मेंदीनं काळी,
बोटाचा चिमटा काही केल्या आकडा दाखवेना.
शेवटी झुमका काढून कानाच्या पाळीला लावला.
सिस्टर लिसम्मानं झुमका रुमालाच्या गाठीत बांधला
आणि बाहेर जाऊन सासूची सही घेऊन आली.
अठ्ठ्याण्णव, म्हणालं यंत्र.
मुलगी हसली. "कान से भी पता चलता है?"
तिचं हसू अर्ध्यावर असतानाच ते पांढरं औषध
शिरेत पोचलं.

सर्जनला सगळे ओळखतात.
मंडलोईंकडे दिवाळीत शेवेचे डबे येतात, गावाकडचे गहू येतात.
मला ज्यानं पाहिलं, त्याला पुढचं काही आठवत नाही.
त्यात त्याचा काय दोष, त्यासाठीच तर मी असते.
एकदा सराफ्यात एक बाई माझ्या शेजारी उभी राहून
पोटावरचे टाके मैत्रिणीला वर्णन करून सांगत होती,
आणि मी मुकाट्यानं कचोरी खात होते.

रात्री पावणेदोनला गेंदालाल.
छावनीच्या मंडीत तोलाई करतो.
पोट फळीसारखं कडक, जीभ कोरडी,
कानामागच्या घडीत सोयाबीनची धूळ.
"कबसे?"
"तीन दिन. सीजन है नी, मैडम."
मास्क नाकाशी नेला तेव्हा माझं मनगट धरलं,
आणि हिंदी सोडून मालवीत म्हणाला,
"बेन, म्हूं पाछो उठूंगा नी?"

या प्रश्नाला नियमानं उत्तर नसतं.
कागदावर त्याचा अंगठा होता, धोके समजले म्हणून.
मी म्हटलं, "गिनती आती है?"
असा बघितला, जणू माशाला पोहायचं विचारलं.
आणि मोजू लागला, पोती मोजतात तसं,
एकाला एक न म्हणता:
"लाभ... दो... तीन... चार..."
पाच बारीक.
सहा ओठांवर.

मग अडीच तास.
मंडलोईंनी आतडं धुतलं, शिवलं, पुन्हा धुतलं.
दाब ऐंशीवर घसरला, मग सत्तरवर,
"ठीक है क्या ऊपर?" त्यांनी पडद्यापलीकडून विचारलं,
मी म्हटलं "हो," आणि दुसरी सुई भरली.
दर पाच मिनिटांनी कागदावर एक ठिपका.
त्या ठिपक्यांची डोंगररांग कुणी वाचत नाही;
फाईल तळघरात जाते, तिथे उंदीर आहेत.

चार पन्नासला नळी काढली.
खोकला. डोळे किलकिले.
"गेंदालालजी, हो गया. सांस लो."
ओठ हलले. मी कान खाली नेला,
पाणी मागेल, बायकोचं नाव घेईल.
घोगऱ्या, फाटक्या आवाजात तो म्हणाला,
"सात."

लिसम्मा हसली. मला हसता आलं नाही लगेच.
अडीच तास मी ज्यात उभी होते
ते त्याच्या हिशेबात पोत्याइतकंही नव्हतं.
सहा आणि सात, मध्ये काहीच नाही.
असंच हवं होतं मला.
तरी हातमोजा काढताना बोटं थोडा वेळ ऐकेनात.

आठ मी ऐकलं नाही.
रमजानीनं ट्रॉली वळवली होती,
आणि फळ्यावर कुणीतरी
ओल्या फडक्यानं त्याचं नाव पुसून
त्याच जागी, जागा वाळायच्या आत,
पुढचं लिहीत होतं.