ठिकाण : तर्नाते

बोगोरच्या संग्रहालयात, चौदाव्या खणात
कापूस भरलेला एक पोपट उताणा पडलाय.
पायाला चिठ्ठी : 'तर्नाते'.

तर्नातेत तो कधी उडाला नाही.
बाचान बेटावर धरला, मारला,
लवंगांच्या पोत्यांवर बसून बाजारात आला.
साहेबाने विचारलं, 'कुठला रे?'
विकणाऱ्याला वाटलं, आपल्यालाच विचारतोय.

तेव्हापासून नकाशावर एक ठिपका जास्तीचा.

ठिपका मी काल खोडला.
नावातलं तर्नाते मात्र खोडता येत नाही.
नियमच तसा : एकदा ठेवलं की ठेवलं.

माझ्या ओळखपत्रावर अंबोन आहे.
आई सांगायची, बुरू मागे पडलं होतं,
अंबोन अजून दिसायचं होतं,
होडीत पाणी भरत होतं
आणि नावाडी पाठ फिरवून उपसत होता.

खण लावते. जरा अडतो.