कडेपासून कडेपर्यंत

कीथलीत, बंद पडलेल्या लोकरगिरणीच्या तळघरात
दर मंगळवारी पंचवीस यार्डांवर दिवे लागतात.
वर आता गालिच्यांचं दुकान आहे,
एवढं जाड छप्पर, की आमचे बार
रस्त्यावर शिंकेइतकेही पोचत नाहीत.

विनिफ्रेड स्टॅन्सफील्ड, वय एकोणऐंशी,
कोपरांवर चामड्याची ठिगळं लावलेला कोट घालून
नेमानं येते.
'पाच झाल्या? आता मोज.'

मी म्हटलं, मोजणं तर माझ्या पोटापाण्याचं.
चिंचवडला नऊ वर्षं गिअर तपासले, इथे सहा.
ती हसली नाही.
व्हर्नियर तेवढा पुढे सरकवला.

एकमेकांपासून सगळ्यात लांबची दोन छिद्रं शोध.
बाकीची तीन काही बोलणार नाहीत,
त्यांना कुणी विचारत नाही.
बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत:
सोळा पूर्णांक चार.

त्यातून गोळीची जाडी वजा, पाच पूर्णांक सहा,
मी घाईनं पाठ म्हणून दाखवलं,
तर तिनं माझा हात धरला.
'गोळी पाच-सहाची. छिद्र नाही.
गोळी गेली की कागद थोडा मिटून घेतो.
एकटं पडलेलं छिद्र मोज,
आणि तेवढंच वजा कर.'
पाच पूर्णांक एक.
उरले अकरा पूर्णांक तीन,
मध्यापासून मध्यापर्यंत.

'काळ्या ठिपक्यात एकही नाही,' मी ओशाळून म्हटलं.
'ते मी विचारलंय का?
ठिपका गाठणं स्क्रूचं काम, डावीकडे दोन खटके.
गोळ्या एकमेकींजवळ ठेवणं तुझं.'

पण ती पाचवी, उजवीकडे खाली भरकटलेली!
ती सोडली तर सहाच मिलिमीटर.
मी अंगठ्यानं हळूच झाकून पाहिली.
'चाप ओढलास तेव्हा, कागद बघायच्या आधी,
म्हणाली होतीस का, ही गेली म्हणून?'
नाही.
'मग तुझीच आहे. मोज.'

एवढा काटेकोरपणा कुठून आला, ते
चहाच्या वेळी कळलं.
बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात क्लिफर्डचे कागद,
चाळीस वर्षांचे, कोपऱ्यात पेन्सिलीनं तारीख आणि आकडा.
नऊ. साडेआठ. नऊ.
मग दहा, मग बारा, बारा, बारा, बारा.

'हे बारा नव्हते,' ती म्हणाली.
'चौदा होते. सतरा होते. एकदा एकवीस.
तो मारायचा, मी मोजायचे, आणि बाराच लिहायचे.
डॉक्टरांच्या आधी दोन हिवाळे
हे मला ठाऊक होतं, आणि या व्हर्नियरला.'

मग एका मंगळवारी त्यानं माझ्या हातून तो काढून घेतला.

डब्यातला शेवटचा कागद त्याच्या अक्षरातला:
एकतीस.
खाली एकच शब्द, थरथरत्या रेघेनं: वारा.

मी भिंतींकडे पाहिलं.
चार फूट जाडीचा दगड, एकही खिडकी नाही.
'हो ना,' ती म्हणाली, 'इथे कुठला वारा!'
आणि कागद परत ठेवला,
डब्याचं झाकण दोन्ही हातांनी दाबून.

तिला सांगावंसं वाटलं, की आमच्या भाषेत
नेम धरतात, नेम पाळतात,
आणि माणसाचा काही नेम नाही, असंही म्हणतात.
शब्द एकच.
पण इंग्रजीत त्याचे तीन झाले असते
आणि तीन दिशांना गेले असते.

तिनं पेन्सिल दिली.
मी कोपऱ्यात तारीख घातली,
आणि अकरा पूर्णांक तीन लिहिलं.

अकरा लिहिता आलं असतं.