दीड तोळा

मोहोळच्या बाजारात आमचा भाता.
तो सांडशी धरतो, मी घण मारते.
आमच्यात घण बाईचाच.

मळसिद्ध आला तेव्हा उन्हं कलली होती.
खांद्याला वेळूची कमान,
फडक्यात पाच काड्या, बोडक्या.
म्हणाला, हलकी कर वैनी, लांब जातील अशी.

सोलापूर रस्त्यावर मेलेल्या ट्रकचा कमानपाटा
भट्टीत सरकवला.
कमानीतनं कमानीचं टोक, म्हणून नवरा हसला.
मी घण उचलला.

एक केलं आठ माशाचं, बोरीच्या पानाएवढं.
एक दीड तोळ्याचं,
मधे जाड कणा, पाठीवर बोट फिरवलं तर लागावा असा.
शेजारच्या तंबाखूवालीच्या तराजूत टाकली दोन्ही.
हलक्याचं पारडं वर गेलं
आन् मळसिद्धचा हात त्याच्या मागोमाग.

थांब म्हटलं.
सीनेकाठी माझ्या भावानं
असंच हलकं सोडलं होतं रानडुकराला,
चाळीस पावलांवरनं.
नेम बरोबर. फऱ्याच्या हाडावर टोक वाकलं,
जर्मनच्या चमच्यासारखं.
चार दिवस ते काडी घेऊन हिंडलं उसातनं.
रात्री ऐकू यायचं, पाचटाला काडी घासलेली.
जनावर गप्प, काडीच बोलायची.
भाऊ अजून फडाकडं पाठ करून जेवतो.

जड लांब जात नाही, खरंय.
वाटंतच मान टाकतं.
काडी ताठ लागंल; तुझी ही बोरूची
सुटताना सापागत वळवळतील.
धार एकाच अंगाला लाव,
पीस जिकडं वळलंय तिकडंच,
मग आत शिरूनबी फिरत राहतं.
आन् जवळ जा.
वीस पावलं. पंधरा.
वारा तोंडावर घे,
कानातल्या गोचड्या मोजता येस्तवर थांब.

एवढ्या जवळनं
माझाच हात कापंल की, मळसिद्ध म्हणाला.
कापू दे.

बराच वेळ उकिडवा बसला.
जड टोक या तळव्यावरनं त्या तळव्यावर,
जसं बाजारात कुणी अंडं पारखावं.
मग एकच घेतलं.
चार काड्या बोडक्याच गुंडाळल्या,
तंबाखूवालीकडनं बोटभर चुना घेतला
आन् गेला, एस्टी चुकवून, चालत.

हलकं ते आमच्या पेटीत पडून आहे.
पोरगी त्यानं पेन्सिली तासते.